घंटेला ब्रेल वाचायला लावलं त्याची हकीकत

माझ्या पहिल्या ड्रायव्हरने एका कारखान्यातल्या छताच्या पंख्याला प्रिंटर समजून त्याच्यावर तीनशे पानं छापली. ती पानं अजून सापडलेली नाहीत. ही गोष्ट मी गेली तीस वर्षं सांगतो आहे, आणि माझी भाची म्हणते की दर वेळी पंखा हातभर मोठा होतो. तिचं म्हणणं खोटं नाही. मागच्या खेपेला त्या पंख्याच्या वाऱ्यावर शेजारच्या इमारतीतले कपडे वाळले होते.

आज सांगतो ती हकीकत मात्र भाचीने बसून ऐकली, तपासली, आणि दोन थापा ठेवून बाकीच्या काढून टाकल्या. दोन कोणत्या, ते सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही वीस वर्षं वाटत होतं की मी कंपनीची गाडी चालवतो आणि लाजेखातर सांगत नाही. संगणक म्हणजे एक भरलेलं घर समजा. त्या घरात एक कारभारीण. प्रिंटर, कॅमेरा, माऊस, कोणाचीही वायर खोचली की ती दाराशी जाते आणि पाहुण्याच्या छातीवरचा बिल्ला वाचते. बिल्ल्यावर दोन आकडे असतात: एक बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूच्या प्रकाराचा. ते वाचून ती आत हाक मारते, "अमुक आकड्यांचा पाहुणा आलाय, कोणाचा?" घरात शेकडो ड्रायव्हर झोपा काढत पडलेले असतात. प्रत्येकाच्या उशाशी आपापल्या पाहुण्यांची यादी. ज्याच्या यादीत ते आकडे सापडतील तो डोळे चोळत उठतो, दाराशी जातो, पाहुण्याला नीट न्याहाळतो, दोन प्रश्न विचारतो आणि तीनपैकी एक उत्तर देतो. माझा आहे. माझा नाही. किंवा, आत्ता आमची आवराआवर चाललीय, जरा वेळाने विचारा. एकदा "माझा" म्हटलं की पाहुणा त्याच्या गळ्यात. मग घरातलं दुसरं कोणी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

जवळ जाऊन न्याहाळणं आणि दोन प्रश्न विचारणं, ड्रायव्हर लिहिण्याची सगळी अक्कल यात आहे. मी तीस वर्षं ती दुसऱ्यांना शिकवली. स्वतःच्या बाबतीत आनंद होता. फोन उचलला की "हॅलो"च्या आधी मी "आलं लक्षात" म्हणत असे. डॉक्टरने कुठे दुखतंय विचारायच्या आत मी त्याला औषधाचं नाव सांगत असे. कचेरीत माझं नावच पडलं होतं, आलंलक्षात. निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या पितळी फलकावरही तेच कोरलंय. मी तो दिवाणखान्यात लावलाय, कारण खिळा आधीच ठोकला होता.

तर भाची. चोवीस वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही, पण माझ्या थापा सगळ्यात आधी तिलाच दिसतात. तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी जी परीक्षा आहे ती तीनदाच देता येते. पहिल्यांदा ती नापास झाली, कारण, तिच्याच शब्दांत, "अभ्यास नव्हता, उगाच कारणं कशाला." दुसऱ्यांदा अभ्यास चोख होता, पण लेखनिक सज्जन निघाला. हिने सांगायचं, त्याने लिहायचं, अशी व्यवस्था. हिचं एक उत्तर त्याला चुकीचं वाटलं, म्हणून त्याने दयाळूपणे ते सुधारलं. मग दुसरं सुधारलं. सगळं सुधारून झाल्यावर ती चार गुणांनी नापास झाली. उत्तरपत्रिका मागवून बहिणीने तिला वाचून दाखवली तेव्हा हे कळलं.

"नापास झाल्याचं काही नाही," भाची म्हणाली. "नापास तो झाला. मी परीक्षा दिलीच नाही."

आता तिसरी खेप, म्हणजे शेवटची. या वेळी तिला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. नियमात सोय होती: उमेदवाराने आपली ब्रेल पट्टी आणावी, केंद्रातल्या संगणकाला जोडावी, आणि ती चालते हे पावणेअकराच्या आत केंद्रप्रमुखांना दाखवावं. न चालल्यास लेखनिक.

ब्रेल पट्टी म्हणजे हातभर लांबीची चपटी पेटी. तिच्यावर एका ओळीत चाळीस घरं, प्रत्येक घरात आठ बारीक खिळे. पडद्यावर जी ओळ असेल त्याप्रमाणे खिळे वरखाली होतात आणि बोटांखाली अक्षरं उमटतात. लिहायला वर कळाही असतात. भाचीला ती एका बंद पडलेल्या ग्रंथालयाकडून मिळाली होती. बनवणारी कंपनी ग्रंथालयाच्याही आधी बंद पडली होती. त्यामुळे आजच्या संगणकात त्या पट्टीला ओळखणारा ड्रायव्हर नव्हता.

बहिणीचा फोन आला. "दादा, ऐक..."

"आलं लक्षात," मी म्हणालो.

"अजून मी सांगितलं कुठे?"

"ड्रायव्हर लिहायचाय."

"तेच," बहीण म्हणाली, जराशी चिडून. "जन्मभर ज्याच्या फुशारक्या मारल्यास ते एकदा घरच्या माणसासाठी करून दाखव."

तीन आठवडे लागले. लोकांना मी तीन दिवस सांगतो.

अडचण बिल्ल्याची होती. पट्टी जुन्या पद्धतीने बोलणारी, संगणक नव्या, म्हणून पेटीच्या पोटात एक दुभाषी चिप बसवलेली. दाराशी जो बिल्ला दिसतो तो या दुभाष्याचा, पट्टीचा नव्हे. आणि असले दुभाषी एकाच कारखान्यातून लाखांनी निघतात, वजनकाट्यापासून लिफ्टपर्यंत कशाकशाच्या पोटात जाऊन बसतात, आणि सगळ्यांच्या छातीवर तेच दोन आकडे. म्हणजे नुसता बिल्ला पाहून भागत नाही. विचारावं लागतं, बाई गं, तू कोण?

हे मला ठाऊक होतं. मी तसं लिहिलंही होतं. माझा ड्रायव्हर प्रश्न पाठवायचा, पट्टी आपलं नाव सांगायची, नाव जुळलं की "माझी". पण पट्टी पडली म्हातारी. झोपेतून उठून नाव सांगायला तिला तीन सेकंद लागायचे.

ते तीन सेकंद माझ्या जिवावर आले. बहिणीच्या घरी सगळ्यांसमोर ऐटीत वायर खोचायची आणि मग तीन सेकंद मख्खासारखं बसून राहायचं? तेवढ्यात बहिणीने "चालत नाही वाटतं" म्हटलंच. त्याच दुपारी मी तो प्रश्न काढून टाकला. बिल्ला दिसला की थेट "माझी". शिवाय आणखी एक शहाणपणा करून ठेवला होता. घरात पट्टी एकच, म्हणून ड्रायव्हरमध्ये पाहुण्यासाठी खाटही एकच टाकली होती.

भाचीला लगेच फरक कळला. "आधी जरा थांबायची, आता थांबत नाही. काय केलंस?"

"वेग वाढवला."

"मला तीन सेकंद चालतात, मामा."

"आलं लक्षात," मी म्हणालो. लक्षात काहीही आलं नव्हतं.

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. बाकीचे उमेदवार वरच्या मजल्यावर, खाली लहान वर्गांची शाळा नेहमीसारखी भरलेली. भाचीला स्वतंत्र खोली हवी, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी आपलं कार्यालयच दिलं होतं, टेबलावरच्या संगणकासकट. केंद्रप्रमुखही त्याच. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. अशा माणसांसमोर मी दोघांच्या वाटणीचं बोलतो.

बाहेर बाकावर लेखनिक बसला होता, पेन्सिलीला टोक काढून.

"कसा आहे?" भाचीने हळूच विचारलं.

"सज्जन दिसतो," मी म्हणालो. तिने पट्टी छातीशी आणखी घट्ट धरली.

दहा वाजता मी ड्रायव्हर संगणकात घातला. नवा ड्रायव्हर आला की संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा, म्हणजे सगळे पाहुणे नव्याने दाराशी येतात. तसा केला. पडद्यावर ओळ उमटली: ब्रेल पट्टी जोडली गेली.

"पाहा बाई," मी म्हणालो, "वायर खोचायच्या आत जोडली गेली."

हे वाक्य मी अभिमानाने म्हणालो. वायर माझ्या हातात होती.

माझ्या धंद्यातल्या कोणीही तिथेच कपाळावर हात मारून घेतला असता. मी वायर खोचली. भाचीने बोटं ठेवली आणि मान हलवली. "काही नाही."

"थांब, काहीतरी लिहितो." मी पडद्यावर वाक्य टायपलं: काकाने काल कपाटात कात्री कोंबली.

खिळे ढिम्म हलले नाहीत. पण बाहेर व्हरांड्यात घंटा वाजली. टण. मग पुन्हा. सावकाश, मोजून सहा टोले पडले, आणि सहाव्यापाठोपाठ अख्ख्या शाळेतून बाकं सरकल्याचा आवाज आला, धरण फुटल्यासारखा.

शिपाई दारात आला. "बाई, मी हात लावलेला नाही."

"सहा टोले?" बाई म्हणाल्या.

"सहा. शाळा सुटली."

"सव्वादहाला?"

"मुलांनी घड्याळ बघितलं नाही, बाई."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. मी म्हणालो, "तुमच्या शाळेचं वायरिंग जुनं दिसतंय." आणि माझा काही संबंध नाही हे दाखवायला तेच वाक्य पुन्हा टायपलं. पुन्हा सहा टोले. पहिल्या सहांवर विश्वास न ठेवणारे दोन वर्ग होते, तेही दप्तरं घेऊन बाहेर पडले. शिपाई फाटकाकडे धावला आणि हात पसरून आडवा झाला.

भाची मात्र कान देऊन बसली होती. "मामा, काय टायपलंस?"

मी सांगितलं. तिने बोटांवर मोजलं.

"त्यात क किती आहेत?"

"सहा," मी म्हणालो.

"आणि टोले?"

मी कळफलकावरचे हात मागे घेतले.

"माझी ओळ घंटेला जातेय," ती म्हणाली.

"घंटा या संगणकावरूनच वाजते," बाई म्हणाल्या, आणि कपाटाच्या बाजूला भिंतीवर एक करडा डबा होता तिकडे त्यांनी बोट दाखवलं. डब्याची वायर कपाटामागून येऊन संगणकाच्या पहिल्या खाचेत खोचलेली होती. ती मी सकाळी बाजूला सारली होती, हाताला लागते म्हणून.

आता मला सगळं दिसलं. डब्याच्या पोटात तोच दुभाषी, छातीवर तोच बिल्ला. संगणक चालू झाला तेव्हा दाराशी आधी घंटा उभी होती. माझा ड्रायव्हर धावत गेला, "माझी, माझी" म्हणाला, तिला त्या एकुलत्या एका खाटेवर बसवलं आणि ब्रेल वाचून दाखवू लागला. ब्रेलमधला क म्हणजे घंटेच्या भाषेत एक टोला. बिचारीने हुकूम पाळला. खरी पट्टी दाराशी आली तेव्हा आत जागा नव्हती.

"तू तिला विचारलं नाहीस का, तू कोण म्हणून?" भाची म्हणाली.

"आधी विचारत होतो."

"मग?"

"तीन सेकंद लागायचे. काढून टाकलं."

"कोणाचे तीन सेकंद वाचवलेस?"

मी त्या करड्या डब्याकडे पाहिलं.

"मागच्या वेळचा लेखनिकही असाच होता, मामा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला कळलेलं असायचं."

त्या दिवशी मी पहिल्यांदाच "आलं लक्षात" म्हणालो नाही.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "साडेदहाला तीन मिनिटं आहेत. पावणेअकराला मला लेखनिकाला आत बोलवावं लागेल. माझ्या मनात काही नाही, नियम आहे."

"अठरा मिनिटं म्हणजे..." इतकंच बोलून मी तोंड मिटलं.

पिशवीतून माझा लॅपटॉप काढला. काढून टाकलेल्या ओळी त्यात शाबूत होत्या. मला काही फेकून द्यायची सवय नाही, फक्त अक्कल सोडून. प्रश्न परत घातला. तीन सेकंदांचं थांबणं परत घातलं. नाव जुळलं तर "माझी", नाहीतर "माझी नाही, दुसऱ्याला विचारा". आयुष्यात हजारदा लिहिलेल्या ओळी, तरी घाईत दोनदा चुकल्या. भाची शेजारी पट्टी मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर शिपाई मुलांना सांगत होता की आज शाळा सुटलेली नाही, आणि मुलं त्याला सांगत होती की सुटली आहे, दोनदा.

दहा एकेचाळीसला सुधारलेला ड्रायव्हर घालून संगणक पुन्हा चालू केला. पट्टीची वायर काढून हातात ठेवली. आधी घंटेची पाळी. ड्रायव्हर उठला, दाराशी गेला, आणि या वेळी शहाण्यासारखा विचारता झाला: तू कोण?

टण.

एकच टोला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. लेखनिकाने दारातून डोकावून पाहिलं. प्रश्न म्हणून मी जे पाठवत होतो तेही घंटेच्या कानाला टोल्यासारखंच लागलं होतं. एक, दोन, तीन. घंटेला नाव नव्हतं, ती काही बोलली नाही. पडद्यावर ओळ आली की हे यंत्र आपलं नव्हे, आणि घंटा तिच्या मूळच्या ड्रायव्हरकडे सुखरूप परत गेली.

बाहेरचा गलका कमी होत होत बंद झाला. शिपाई घाम पुसत आत आला. "बाई, पोरं वर्गात गेली. एक टोला म्हणजे तास सुरू."

"तशीच योजना होती," मी म्हणालो. ही त्या दोन थापांतली धरू नका. ही मी तिथल्या तिथे मारली होती, आणि तेव्हाही कोणी मानली नाही.

दहा त्रेचाळीस. पट्टीची वायर खोचली. ड्रायव्हर दाराशी गेला आणि विचारून थांबला. एक. मी कारखाने पाहिलेत, यंत्रं पेटताना पाहिलीत, पण इतका लांब सेकंद पाहिला नव्हता. दोन. बाईंचा हात दाराच्या कडीकडे गेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर भाचीने अचूक माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "उठतेय ती."

खर्रकन चाळीसच्या चाळीस घरांतले खिळे उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग ओळ उमटली. भाचीचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं. "ब्रेल पट्टी जोडली गेली," तिने वाचलं.

"लिहूनही दाखवा," बाई म्हणाल्या. "काहीही."

भाचीने कळांवर बोटं ठेवली. बाई पडद्यावर वाकल्या आणि जे उमटलं ते त्यांनी मोठ्याने वाचलं. "मामाला बाहेर बसवा." मग मला म्हणाल्या, "या तुम्ही." मला वाटतं, बाई त्या दिवशी एकदाच हसल्या, आणि तेही दार माझ्या तोंडावर लावून घेतल्यानंतर.

तीन तास मी आणि लेखनिक एकाच बाकावर बसलो. तो म्हणाला, "मी काही बदललं नसतं हो. सांगितलं तेवढंच लिहिलं असतं."

"मीही असंच म्हणायचो," मी म्हणालो. त्याला काही समजलं नाही, आणि मी समजावलंही नाही, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

बारा वाजता घंटा वाजली तेव्हा मी टुणकन उभा राहिलो.

"बसा हो, इंजिनियरसाहेब," शिपाई दोरीने बांधलेल्या चष्म्यावरून बघत म्हणाला. "ही खरी आहे."

दोन महिन्यांनी निकाल लागला. भाची पास झाली. गुण किती ते ती सांगत नाही. म्हणते, सगळे माझेच आहेत, ते पुरे. आता ती त्याच शाळेत शिकवते. कार्यालयातल्या संगणकात माझा ड्रायव्हर अजून आहे, आणि रोज सकाळी संगणक चालू केला की तो घंटेला विचारतो, तू कोण, आणि घंटा एक टोला देऊन गप्प बसते. काढून टाकतो म्हटलं तर शिपाई नको म्हणाला. त्याच टोल्यावर हल्ली शाळा भरते.

परवा तिच्या घरी चहा पिताना भाचीने विचारलं, "मामा, तो कारखान्यातला पंखा खरंच केवढा होता?"

मी तोंड उघडलं. मिटलं. एक. दोन. तीन.

"टेबलावरचा होता," मी म्हणालो. "छोटा."

तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

पानं मात्र तीनशेच होती.